गाळलेली वाक्यं

“आणखी एक कप कॉफी पाजली ना कोणी, तर मी या खाडीत उडी मारीन,” असं इंग्रजीत करवादत गोरा साहेब अब्र्यात उतरला आणि नेमका शहरबानूच्या समोर येऊन बसला. अब्रा म्हणजे खाडी ओलांडायची होडी, आणि ती केवढी, तर गुडघ्याला गुडघा लागू नये म्हणून सगळ्यांनी पाय तिरके करून बसायचं. शहरबानूनेही बुरखा आवरून पाय तिरके केले. साहेबाच्या बुटांना मासळीबाजारातले खवले चिकटले होते, ते तो एका बुटाच्या टाचेने दुसऱ्या बुटावरचे खरवडत होता आणि त्याबद्दलही काहीतरी पुटपुटत होता. बुरख्याच्या जाळीतून तिने त्याला ओळखलं. व्हिटलो. अमेरिकन कॉन्सुलेटचा धाकटा अधिकारी. त्याने तिला ओळखण्याचा प्रश्नच नव्हता, कारण त्याने तिला कधी पाहिलंच नव्हतं. तो पुढल्या दारी पुरुषांच्या मजलिसमध्ये, बैठकीच्या खोलीत, बसायचा, ती मागल्या दाराने बायकांत जायची. मधे दोन अंगणं. आज सकाळी एकाच घरात, एकाच किटलीतली कॉफी दोघं प्यायले होते, आणि आता तो तिच्यासमोर बसून तिच्याकडे पाहत होता ते लोक पोत्याकडे पाहतात तसं.

त्याच्या शेजारी खैरुद्दीन होते, शिपिंग एजन्सीचे हेडक्लार्क, मूळचे दापोलीकडचे, शहरबानूच्या नवऱ्याचे वरिष्ठ. त्यांनी मात्र तिच्या हातातल्या कापडी पिशवीवरून तिला ताबडतोब ओळखलं आणि ओळखलं नाही असं दाखवण्यासाठी पलीकडच्या गलबताच्या शिडाकडे बघत राहिले. इंजिन फुटफुटायला लागलं. व्हिटलोने आवाज चढवला. “हे शेख लोक सभ्य आहेत, तोंडावर काही बोलणार नाहीत. पण इथे आपलं ऑफिस निघणार आणि त्याच्यावर मुख्य म्हणून बाई बसणार, हे ऐकून त्यांना काय वाटत असेल ते दिसतंच की. कोणीतरी त्यांच्या वतीने सांगायला हवं. परत गेलो की मीच साहेबांच्या कानावर घालतो. बाई हुशार आहे, माझं काहीच म्हणणं नाही. पण इथल्या लोकांना चालायची नाही.”

“येस सर,” खैरुद्दीन शिडाला म्हणाले.

एवढंच झालं. खाडीचं पाणी नेहमीसारखंच हिरवट होतं, नेहमीसारखाच त्याला डिझेलचा आणि सुक्या मासळीचा वास होता, आणि शहरबानूला मात्र व्हिटलोचं ते शेवटचं वाक्य पटेना. कारण इथल्या लोकांना काय चालतं हे तिने आजच सकाळी स्वतःच्या तोंडाने इंग्रजीत सांगितलं होतं. उम्म सुलतान, मोत्यांच्या व्यापाऱ्याची विधवा, जिच्या घरात शेखांच्या घरच्या लेकीसुना मांडीला मांडी लावून बसतात, तिने खजुराची बी तळहातावर थुंकत म्हटलं होतं, “तिला सांग, माझ्या जुन्या घराची खाडीकडची बाजू रिकामी पडलीय. हॉटेलात कशाला राहते? तिथे ऑफिस थाटू दे तिला.” आणि शहरबानूने ते भाषांतर करून सांगताना मनातल्या मनात त्या खाडीकडच्या बाजूला एक टेबल मांडलं होतं, आणि टेबलाच्या या बाजूला, खिडकीजवळ, स्वतःची खुर्ची. मिस कॉइलने तिला तसं सांगूनच ठेवलं होतं. ऑफिस निघालं आणि माझ्याकडे आलं, तर पहिली नेमणूक तुझी. शहरबानूला आजवर खुर्ची अशी मिळाली नव्हती. घरात एकच होती आणि तिच्यावर नवरा, इद्रीस, बसायचा.

मिस कॉइल म्हणजे लोरेना कॉइल, अमेरिकन परराष्ट्र खात्यातली, चाळिशी ओलांडलेली, उंच, उन्हाने नाक सोललेली बाई. वर्षातून एक-दोनदा विमानाने यायची, किनाऱ्यावरच्या एकेका शेखाला भेटायची, विहिरी, शाळा, तेल, बंदर, सगळ्यांची चौकशी करायची. पुरुषांच्या मजलिसमध्ये तिला बसवत, कॉफी देत, प्रश्न विचारत, आणि मग बायकांच्यातही बसवत. दोन्हीकडे जायची मुभा असलेला तिच्यासारखा माणूस शहरबानूने दुसरा पाहिला नव्हता. व्हिटलोला ती मुभा नव्हती, आणि त्याच्या कॉफीची खरी कडवट चव बहुतेक तिथली असावी. पण हे तिला तेव्हा सुचलं नाही. तेव्हा ती एवढाच विचार करत होती, की हा माणूसही शेवटी आपलंच, दुभाष्याचं, काम करतोय. जे कोणी बोललं नाही ते तो भाषांतर करून सांगणार आहे.

होडी पलीकडच्या काठावरच्या वस्तीच्या, दैऱ्याच्या, धक्क्याला लागली. व्हिटलो लांब ढांगा टाकत निघून गेला. खैरुद्दीन मागे रेंगाळले, चप्पल बसवल्यासारखं केलं आणि जमिनीकडे पाहत म्हणाले, “भाबी, साहेबलोक काहीबाही बोलतात. मनावर घ्यायचं नाही.”

“तुम्ही येस सर म्हणालात.”

“मी सगळ्यालाच येस सर म्हणतो. उद्या तो म्हणाला खैरुद्दीन तू उंट आहेस, तरी येस सर.” मग थोडं थांबून, “आमच्या घरात तर तुमचंच नाव. सायरा आमची, शाळेत सांगत फिरते, शहरचाची अमेरिकन मॅडमबरोबर बसते म्हणून. परवा नमाजानंतर अलीमियाँसुद्धा विचारत होते, ऑफिस निघालं की भाबी पर्मनंट होणार का? होणार ना?”

“इन्शाल्ला,” ती म्हणाली. आणि धक्क्यावरून घराकडे चालताना तिला पहिल्यांदाच जाणवलं, की हे विचित्र आहे. कारण इद्रीस गेले काही महिने सारखं म्हणत होता, लोक बोलतात. पुरे आता. आपले लोक बोलतात, बानू. आणि आपले लोक म्हणजे कोण, दैऱ्यात होते किती? खैरुद्दीन, अलीमियाँ, शौकत शिंपी, याकूबचं दुकान. जे बोलत होते ते तर हे, पर्मनंट होणार का, असं बोलत होते. हा विचार आला आणि तिने तो, नको असलेली भाजी ताटाच्या कडेला सारावी तसा, बाजूला सारला. ते ती फार सफाईने करायची. त्यावरच तर तिचं पोट भरायचं.

दुभाष्याचं काम म्हणजे काय ते तिला कोणी शिकवलं नव्हतं. इंग्रजी तिचं असंच, वाटेवर सांडलेलं गोळा केलेलं. माहेरी मुश्ताकचे, भावाचे, धडे ती त्याच्याआधी पाठ करायची. तो पाटीवर डोकं ठेवून झोपायचा आणि सकाळी मास्तरांसमोर तिने कानात घोळवलेलं म्हणायचा. पुढे लग्न होऊन आगबोटीच्या डेकवरून ती इथे आली, तेव्हा एजन्सीच्या पेट्यांतून कपबशांभोवती गुंडाळून येणारी जुनी विलायती वर्तमानपत्रं तिने सोडवून, इस्त्री फिरवून वाचली. त्यामुळे तिचं इंग्रजी थोडं अग्रलेखासारखं झालं. साधं ‘भीती वाटते’ म्हणायचं तर ती म्हणे, ‘तीव्र चिंता व्यक्त केली जात आहे’. मिस कॉइल पहिल्यांदा हे ऐकून हसता हसता उचकी लागेपर्यंत हसली होती. “तू आमच्या खात्यात जन्मली असतीस तर एव्हाना राजदूत झाली असतीस,” म्हणाली. अरबी मात्र तिची अंगणातली, बायकांची, कपडे वाळत घालताना आणि एकमेकींच्या मुलांचं नाक पुसताना आलेली. या दोन भाषांच्या मधे ती चाळणी धरून बसायची. उम्म सुलतान म्हणाली, हिचे पाय बघा, पुरुषाचे जोडे घातलेत वाटतं, तर इंग्रजीत जाई, तुमचे बूट मजबूत दिसतात. मिस कॉइल म्हणाली, इथल्या मुलींची एवढ्या लहानपणी लग्नं का करता, तर अरबीत जाई, तुमच्या मुली फार गोड आहेत. दोन्हीकडची माणसं एकमेकांवर खूश असायची. मधे चाळणीत जे उरायचं ते शहरबानू घरी घेऊन यायची आणि कुठे टाकायचं ते न कळून स्वतःजवळच ठेवायची.

सगळ्यात मोठी चूक तिने पहिल्याच दिवशी केली होती. बायकांनी विचारलं, हिचा नवरा कुठेय? मुलं किती? मिस कॉइलला अरबी कळत नव्हती, ती कॉफीच्या कपात बघत हसत होती. शहरबानूच्या डोळ्यांसमोर आली तिची फुफी, बापाची बहीण, जिचं लग्न जमलं नाही आणि जी साऱ्या जन्मात बैठकीच्या खोलीत एकदाही बसली नाही. चुलीजवळच जेवली, चुलीजवळच म्हातारी झाली, आणि पाहुण्यांनी विचारलं ही कोण तर घरातले विषय बदलत. चाळीस वर्षांची बिनलग्नाची बाई अशी भर मजलिसमध्ये ठेवायची कशी? शहरबानूच्या तोंडून निघून गेलं, “नवरा वारला तिचा. समुद्रात.” सगळ्या खोलीने एकदम श्वास सोडला. उम्म सुलतान जागची उठली, मिस कॉइलच्या शेजारी येऊन बसली आणि तिचा हात हातात घेतला. तोंडावरच्या, निळीत रंगवलेल्या बुरख्याने उम्म सुलतानचे गाल कायमचे निळसर झालेले, त्या निळ्या गालांवरून तिने खरंखुरं पाणी पुसलं. तीही विधवा, तिचाही नवरा समुद्रातच गेलेला. मिस कॉइलला वाटलं, अरब आदरातिथ्य.

पुढल्या फेरीत, गाडीत, शहरबानूला ते मिस कॉइलला सांगावं लागलं, कारण कोणीतरी मिस कॉइलच्या कै. नवऱ्याच्या नावाने मशिदीत खजूर वाटले होते. शहरबानूला वाटलं, आता नोकरी गेली. मिस कॉइलने लँडरोव्हर वाळूत थांबवली. इंजिन बंद केलं. मग विचारलं, “कसा होता?”

“कोण?”

“माझा नवरा.”

“चांगला होता,” शहरबानू म्हणाली. “कमी बोलायचा.”

“मग तो वेगळा कोणी असणार,” मिस कॉइल म्हणाली. आणि मग खऱ्या माणसाबद्दल, ज्याच्याशी लग्न होता होता राहिलं त्याच्याबद्दल सांगितलं, एकदाच, गाडी पुन्हा सुरू करता करता, जसं कोणी पेट्रोल किती उरलंय ते सांगावं. टायपिंगच्या खोलीतून ती परीक्षा देऊन वर आली होती. तिच्या नोकरीत पुरुषाने लग्न केलं तर त्याची बायको त्याच्याबरोबर पार्ट्या द्यायला यायची. बाईने लग्न केलं तर तिने राजीनामा द्यायचा, अशी रीत होती. त्याने ती रीत तिला हसत हसत समजावून सांगितली, बोट मापून आणलेली अंगठी टेबलावर ठेवून. तिने टेबलाकडे पाहिलं आणि त्याच महिन्यात एका देशात व्हिसाच्या खिडकीवर जायची बदली मागून घेतली. खिडकीवरून टेबलावर, टेबलावरून दौऱ्यावर. प्रत्येक वेळी तिच्याआधी कोणीतरी मुलगा पुढे जायचा आणि प्रत्येक वेळी तिला सांगितलं जायचं, तुमच्यात काही कमी नाही, तिकडच्या लोकांना बाई चालत नाही. इटलीत इटालियनांना चालत नाही, तुर्कस्तानात तुर्कांना. “सगळ्या जगाला मी चालत नाही, बानू. गंमत म्हणजे जग मला हे कधी स्वतः सांगत नाही.” आता एक छोटंसं ऑफिस, एकट्या माणसाने चालवायचं. ते मिळालं, नीट चाललं, तर पुढे कधीतरी कुठल्यातरी लहान देशात राजदूत. हे ती बोलली तेव्हा तिचा आवाज अगदी खाली आला होता, एखादी मुलगी आपल्याला काय व्हायचंय ते सांगते तसा. शहरबानूला तो आवाज भाषांतर करावा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी निरोपाची बैठक होती. लँडरोव्हर नव्या पुलावरून जात होती, खाडीत गाळ उपसणारं यंत्र घरघरत होतं, आणि शहरबानू मनात वाक्य जुळवत होती: काल होडीत असं असं कानावर आलं. वर्तमानपत्री इंग्रजीत ते आपोआप ‘विश्वसनीय सूत्रांकडून समजते’ असं व्हायला लागलं आणि तिला स्वतःचाच राग आला. एवढ्यात मिस कॉइलच बोलली. मिस्टर व्हिटलो काल जेवताना म्हणाले, किनाऱ्यावर थोडी अस्वस्थता आहे. माझ्याबद्दल. फार हळुवारपणे सांगितलं त्यांनी. “तुला काही जाणवलं का, बानू?” आता सांगायचं तर दारच उघडून मिळालं होतं. पण समोरच्या बाईचे हात स्टिअरिंगवर इतके सरळ, इतके शिस्तीत ठेवलेले होते, की शहरबानू म्हणाली, “लोक काय, काहीही म्हणतात.” आणि म्हणताक्षणी तिला ऐकू आलं की हे वाक्य आपलं नाही. हे आपण घरून आणलंय.

इद्रीस वाईट माणूस नव्हता. हे ती स्वतःला सांगायची तेव्हा तिला त्यात खोटंही वाटायचं नाही. दिवसभर तो जहाजांची कागदपत्रं सांभाळायचा, संध्याकाळी येताना काट्यांची पाला मासळी आणायचा, स्वतः साफ करायचा, कारण तिला काट्याची भीती. तिला पहिल्यांदा मिस कॉइलकडे त्यानेच पाठवलं होतं. एजन्सीत विचारणा झाली, बायकांत बसेल अशी दुभाषी हवी, तर हा उठून म्हणाला, माझी बायको. केवढा ताठ झाला होता तेव्हा. त्या पहिल्या दिवशी ती परत आली तर तो दारात उभा. काय काय झालं? काय बोलल्या? तिने सांगितलं, बूट मजबूत आहेत म्हणाल्या, मुली गोड आहेत म्हणाल्या. तो हसला, आणि मग थोडा वेळ वाट बघत उभा राहिला, अजून काही येईल म्हणून. पुढे पुढे तो विचारायचा, ती सांगायची, आणि तो तसाच थोडा वेळ थांबायचा. ते थांबणं हळूहळू लहान होत गेलं. मग विचारणंही थांबलं. आणि त्याच सुमाराला लोक बोलायला लागले.

उम्म सुलतानच्या घरी त्या दिवशी बायका जास्त होत्या. हरीस, गहू-मटणाचं, झालं, हलवा झाला, कॉफी फिरली. मिस कॉइलने पुरे म्हणून कप रीतीप्रमाणे हलवून परत दिला. एव्हाना तिला ते सरावाने जमत होतं. उम्म सुलतान गादीवर रेलून बसली होती. म्हणाली, “मग? खाडीकडची बाजू झाडून घेऊ का? कधी येते ती?”

शहरबानूने सांगितलं. मिस कॉइल हसली, ते तिचं कामावरचं हसू. “त्यांना म्हणावं, मी अतिशय आभारी आहे. पण ते माझ्या हातात नाही. आणि असं कळतं, की बाईने हे काम करावं याबद्दल इथल्या काही लोकांच्या मनात अवघडलेपणा आहे. त्यांना त्रास होईल असं मी काही करणार नाही.”

चाळणी हातात होतीच. आभार पुढे जातील, हातात नाही हे जाईल, बाकीचं राहील. तिची जीभ तशी वळलीसुद्धा होती. तिने आभार सांगितले. मग तिला व्हिटलोचे बूट दिसले, एकाच्या टाचेने दुसऱ्यावरचे खवले काढणारे. मग ती म्हणाली, आणि आपला आवाज तिला दुसऱ्या कोणाचा तरी वाटला, “ती म्हणते, तिला सांगण्यात आलंय की इथल्या लोकांना बाई नको आहे.”

पंखा नव्हता, बरजीलमधून, छतावरच्या वाऱ्याच्या मनोऱ्यातून, खाली येणारा वारा तेवढा ऐकू येत होता. उम्म सुलतान उठून बसली.

“कोण इथले लोक? मी नाही?”

“तुम्ही आहात.”

“शेखांच्या घरच्या या बसल्यात. त्या नाहीत? काल माझा मुलगा पुढल्या मजलिसमधून आला, म्हणाला, विहिरींचं त्या बाईला जितकं कळतं तितकं आपल्यातल्या कुणाला कळत नाही. तो नाही?” तिने एक बोट वर केलं. त्या बोटाला जुनी, खरखरीत अंगठी होती. “ऐक. तिला नीट सांग, दरवेळी मधलं खातेस तसं खाऊ नकोस. मला कळतं तू खातेस ते. माझा नवरा बुडाला तेव्हा बोटी पाठवायच्या होत्या. मी म्हटलं, मी पाठवते. माझा दीर म्हणाला, मला काही नाही गं, पण नाखवे ऐकायचे नाहीत, बाईचा हुकूम म्हटल्यावर ते बोटीत पाय ठेवायचे नाहीत. मी दोन हंगाम रडले. मग एक दिवस बुरखा घालून धक्क्यावर गेले आणि नाखव्यांनाच विचारलं. ते म्हणाले, बाई, आम्हाला तांदूळ आणि दोर वेळेवर दे, हुकूम कोण देतो त्याच्याशी आम्हाला काय करायचंय? नाखव्यांनी कधीच काही म्हटलं नव्हतं.” ती मिस कॉइलकडे वळली, जणू तिला आता दुभाषी लागणार नव्हती. “तूही माझ्यासारखी एकटी आहेस. जा आणि आपल्या घरातला दीर शोध.”

शहरबानूने सगळं सांगितलं. तांदूळ आणि दोर, दोन हंगाम, धक्का. स्वतः मधलं खाते हेसुद्धा सांगितलं. तिच्या इंग्रजीत त्या वेळी वर्तमानपत्र अजिबात नव्हतं. मिस कॉइलचं कामावरचं हसू हळूहळू गेलं आणि खाली जो चेहरा होता तो बराच दमलेला होता आणि बराच तरुण.

“त्यांना सांग,” ती म्हणाली, “मला माहीत आहे दीर कोण आहे ते. पहिल्यापासून माहीत होतं. मी त्याच्याशी फार सभ्यपणे वागत आले.”

हे सांगितल्यावर उम्म सुलतानने नुसती मान हलवली. उदाची धुपदाणी आली, ती सगळ्यांच्या कपड्यांतून फिरली. उद फिरला की पाहुण्यांनी उठायचं असतं. मिस कॉइल उठली, आणि तिने आपणहून, कोणी न सांगता, वाकून उम्म सुलतानच्या नाकाला नाक लावलं. खोलीतल्या बायका खुदखुदल्या, कारण ते पुरुषांनी पुरुषांना करायचं असतं. उम्म सुलतान मात्र हसली नाही.

ऑफिस त्या वर्षी निघालं नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. पुढे खूप वर्षांनी मिस कॉइल आफ्रिकेतल्या एका देशात राजदूत म्हणून गेली, केस पांढरे झाल्यावर. पण हे सगळं पुढचं. त्या दुपारी गाडीत ती एवढंच म्हणाली, की ऑफिस निघो न निघो, किनाऱ्यावरच्या दौऱ्यांसाठी कायमची दुभाषी ठेवायचं तिच्या अधिकारात आहे. ते ती परत जाण्याआधी करून जाणार. मग पुढल्या वेळी ती येवो, व्हिटलो येवो, आणखी कोणी येवो. अबू धाबी, शारजा, सगळीकडे जावं लागेल, कधी मुक्कामाने. “उद्या विमानाआधी सांग. घरी विचारावं लागेल ना?” शहरबानू म्हणाली, “हो.” मग म्हणाली, “विचारावं नाही. सांगावं लागेल.” आणि पुन्हा, “विचारावं लागेल.” मिस कॉइल समोर बघून गाडी चालवत राहिली. तिला अशी वाक्यं ऐकायची सवय असावी.

इद्रीस अंगणात पाटावर बसून मासळी साफ करत होता. ऊन अजून भिंतीवर होतं. शेजारच्या मैमुनाबी कपडे काढायला आल्या होत्या. भिंतीपलीकडून त्यांनी हाक दिली, “आलीस गं? झाली का पर्मनंट?” इद्रीसने मान वर केली नाही. शहरबानू म्हणाली, “सांगते खाला, नंतर.” मैमुनाबी गेल्या. त्यांच्या आवाजात चौकशी होती, हेवा होता, थोडी बढाईही होती. ‘बोलणं’ ज्याला म्हणतात ते नव्हतं. शहरबानूने तो आवाज आत नेला, उलटसुलट करून पाहिला. नव्हतं.

ती बुरखा काढून त्याच्यासमोर खाली बसली. त्याने सवयीने पाट तिच्याकडे सरकवायला उचलला, पण त्यावर खवले होते, म्हणून परत ठेवला.

“काय म्हणाल्या आज?” त्याने विचारलं. बऱ्याच महिन्यांनी विचारलं. बहुधा मैमुनाबींच्या आवाजाने तसं झालं असेल.

आणि तिने सांगायला सुरुवात केली. होडीतला व्हिटलो सांगितला, त्याचे बूट, खैरुद्दीनचं येस सर. मग धक्क्यावर खैरुद्दीन काय म्हणाले ते. अलीमियाँ काय विचारत होते ते. तिला दिसत होतं की इद्रीसचा सुरीवरचा हात मंद होत चाललाय, पण ती थांबली नाही. मिस कॉइलला पहिल्या दिवशी विधवा केली होती ते सांगितलं, आणि ते त्याला इतक्या दिवसांत सांगितलंच नव्हतं हे सांगताना लक्षात आलं. फुफीचं सांगितलं. मुली लहानपणी का देता असं मॅडमने विचारलं होतं आणि आपण गोड आहेत म्हणालो होतो, ते सांगितलं. खिडकीजवळची खुर्ची सांगितली. तेव्हा तिचा आवाज खाली आला. मग उम्म सुलतान, नाखवे, तांदूळ आणि दोर, दीर. काहीही गाळलं नाही. एवढं सलग ती आपल्या भाषेत, आपल्या माणसाशी, लग्न झाल्यापासून बोलली नव्हती. भिंतीवरचं ऊन वर सरकून गेलं होतं आणि मासळी अर्धीच साफ झाली होती.

“उद्या विमानाआधी उत्तर द्यायचंय,” तिने शेवटचं सांगितलं. “तुम्ही म्हणता लोक बोलतात. कोण लोक ते मला सांगा. मी त्यांच्याकडे जाऊन येते.”

त्याने सुरी ठेवली, हात धुतले, ते धुवून झाल्यावर पुन्हा धुतले. पाणी इथे जपून वापरायचं असतं, हे त्यानेच तिला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. मग तो तिच्याकडे बघत थोडा वेळ थांबला, पूर्वी दारात थांबायचा तसा, पण या वेळी अजून काही यायची तो वाट बघत नव्हता.

“तू तिथून यायचीस,” तो म्हणाला, “आणि मला सांगायचीस बूट मजबूत आहेत. मला कळायचं, बाकीचं तू स्वतःजवळ ठेवलंयस. तिकडे एवढं सगळं घडायचं, आणि मला आपलं... मला वाटायचं, हिला आता मी कोणीतरी बाहेरचा. ज्याला गोड गोड सांगून वाटेला लावायचं.”

“मग तसं म्हणायचं होतं.”

“कसं म्हणणार?” त्याने ओले हात लुंगीला पुसले. “कोणी काही बोललेलं नाही, बानू. कधीच नाही. मलाच नको होतं तू गेलेली. मलाच नको आहे.”